गळ्याचे टाके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, पोराला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते? कोण जाणे.

तंजावुरात स्वेटर कोण घालतं, म्हणाल. खरंय. पण यजमानांच्या नोकरीमुळे मी निलगिरीत काही वर्षं काढली, तिथं विणायला शिकले. परत आले तर इथं कंप्युटर क्लासचं पेव फुटलेलं, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतली पोरं एकेक करून अमेरिकेला निघालेली. मग काय, सगळ्या आया माझ्याकडे. घामेजल्या बोटांना लोकर चिकटते, पावडर लावून बसा. मोज्याची टाच दुहेरी लोकरीनं विणा, तीच आधी फाटते. गळ्याचे टाके बंद करताना जाड सुई घ्या, हात सैल ठेवा — नाहीतर डोकं आत जायचं नाही. सगळ्यांना सांगायची मी हे, वर चार शब्द सुनवायची.

जानकीला नाही सांगितलं.

जानकी माझी धाकटी जाऊ. तिचा रघू निघाला होता. माझा पोरगा मद्रासहून दोनदा हात हलवत परत आला होता — व्हिसा नाही. ती रोज दुपारी माझ्याजवळ बसून विणायची, उसवायची, पुन्हा विणायची. निळा स्वेटर. हात जड होता तिचा, पण किती जीव लावून करत होती. शेवटी गळ्याशी आली. करकचून आवळत होती एकेक टाका. मी बघत होते. बोलले नाही. विसरले असं म्हणू? नाही, विसरले नव्हते. जळत होते.

निघायच्या दिवशी सकाळी रघूनं तो घालून बघितला. कपाळाशीच अडकला. घरातली पोरं हसली, तोही हसला. जानकीनं स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला. "अक्का, काही करता येईल का?"

गाडी संध्याकाळची होती. शेवटची ओळ उसवायची, सैल हातानं पुन्हा बंद करायची — अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, "आता काही होत नाही." कसं आलं हे तोंडातून? आलं. रघू तसाच गेला.

जानकीनं नंतर सुया हातात धरल्या नाहीत. तो स्वेटर तिनंच उसवला, लोकर धुऊन गुंडे केले आणि माझ्याकडे घेऊन आली. "तुम्हीच विणा, अक्का. माझ्या हाताला नाही ते." मी विणला. गल्लीतलं कुणी जात होतं, त्याच्याबरोबर पाठवला.

तो घातलेला रघूचा फोटो तिच्या हॉलमध्ये आहे. रघू पुढं फारसा आलाच नाही. आल्यागेल्याला ती फोटोच दाखवते, म्हणते, "आमच्या अक्कांनी विणला. मला किती शिकवलं त्यांनी, मलाच जमलं नाही."

मी तिथंच बसलेली असते. हो म्हणते.