पुसलेला डोळा

भावाची पापणी पहिल्यांदा खाली आली तेव्हा मला बरं वाटलं. सांगून टाकते, आता लपवून काय मिळणार?

लालबागला आमचा गणपतींचा कारखाना. डोळ्यांच्या आखणीचा कुंचला बाबांनी धाकट्याच्या हातात दिला. मी मोठी, हात माझाही स्थिर, पण माझ्या वाट्याला शेला नि दागिने. का, तर मुलगी परक्या घरची. लग्न होऊन गेले कुठे, तर दोन गल्ल्या पलीकडे, आणि रोज सकाळी पुन्हा कारखान्यात हजर! गिऱ्हाइकं म्हणायची, डोळे नुसते बोलतायत. माझा तिळपापड व्हायचा.

गेल्या वर्षी त्याचं सुरू झालं. सकाळी ठणठणीत, दुपारनंतर उजवी पापणी खाली. आई म्हणाली, जागरणं. त्याच्या बायकोला वाटलं, चष्मा लागला असेल. जरा डोळे मिटून पडला की परत ठीक, हे फक्त मला दिसलं होतं, कारण मी त्याच्यावर नजर ठेवून असायचे. तरी गप्प बसले. म्हटलं, बघू आता कुंचला कोणाकडे येतो. मग एकदा जेवताना त्याला घास गिळेना, तेव्हा माझी तंतरली.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. तपासण्या झाल्यावर त्यांनी समजावलं. नस स्नायूपाशी अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते. स्नायूवर त्याच्यासाठी रिसेप्टर असतात, चाळीतल्या दारांसारखे. रसायन पोचलं की दार उघडतं, क्षार आत शिरतात, स्नायू आवळतो. याच्या शरीरात रोगाशी लढायला असलेली प्रथिनंच ती दारं अडवतायत, मोडतायत. उरलेल्या थोड्या दारांवर वापर वाढला की निरोप पुरत नाही, पापणी थकते. गोळीने दारं वाढत नाहीत, रसायन जरा जास्त वेळ टिकतं, एवढंच. मूळ आजारावर औषध वेगळं. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं, असं त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली.

गोळीचा जोर तीन-चार तास. तेवढ्यात तो आखणी उरकायचा. मला त्या गोळीचाही राग यायचा, खोटं कशाला बोलू.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा झाला आणि त्याला एकाचे दोन दिसायला लागले. पुढच्या गोळीला वेळ होता, मंडळाची माणसं टेम्पो घेऊन दारात उभी. आमच्याकडे नियम आहे, दोन्ही डोळे एकाच हाताचे. हात बदलला की नजर बिघडते. तो शिडीवर तसाच बसून राहिला. मग ओल्या फडक्याने त्याने आपणच काढलेला डोळा पुसला, खाली उतरला आणि कुंचला माझ्यापुढे धरला.

"ताय, दोन्ही तूच काढ."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळले, तो कुंचला. काढले मी डोळे. मंडळाच्या माणसांनी हात जोडले, छान झालेत म्हणाले. पण पुसायच्या आधी तो डोळा मी पाहिला होता. तसा मला अजून जमलेला नाही.