मंगल कार्यालयातलं विद्यापीठ आणि आमच्या आत्याबाई

माझी सासू काल गेली. माझी क्लासमेट होती ती.

हसू नका, खरं सांगतेय. आपल्या महिला विद्यापीठाची पहिली बॅच. आडनाव एक, म्हणून परीक्षेचे नंबरही पाठोपाठ.

आत्याबाई म्हणायचे मी त्यांना.

लग्नाआधीच ॲडमिशन घेतली होती मी. लग्न झालं अन् मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मोडता घातला.
"बिलोलीहून नांदेडला रोज सून एकटी जाणार न्हाई. विषय संपला."

मी न्हाणीत जाऊन रडले.

आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "एकटी कशाला? मी जाती की तिच्या संगं."

दुसऱ्या दिवशी दोघी एस.टी.त बसलो.

विद्यापीठाला तेव्हा स्वतःची बिल्डिंग कुठली! भाड्याचं मंगल कार्यालय. लग्नतिथी आली की आम्हाला सुट्टी. एकदा वऱ्हाड लवकर आलं, तर दोन पाहुणे मागं बसून राज्यशास्त्राचं अख्खं लेक्चर ऐकून गेले.

आत्याबाई बाहेर पायरीवर शेंगा फोडत बसायच्या. मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या कुलगुरूंनी, विचारलं, "मावशी, इथं काय करताय?"
"सूनबाईला राखती."
"शाळा किती झालीय?"
"बारावी. मग लगीन."
"मग आत बसून राखा."

आत गेल्या त्या गेल्याच. रीतसर ॲडमिशन घेतली. मामांना दिवाळीपर्यंत पत्ता नव्हता!

लई भांडकुदळ बाई. मॅडमनी नव्या बिल्डिंगचा नकाशा दाखवला, आम्ही सगळ्या "छान, छान". ह्या उठून उभ्या.
"कमान मागून बांधा मॅडम. आधी संडास बांधा. पोरी दिवसभर पाणी पीत न्हाईत."

मी लाजेनं मेले होते. पण विष्णुपुरीकडच्या माळावर, विद्यापीठाच्या नव्या जागेत, आधी तेच बांधलं गेलं.

आता तिथं हॉस्टेल आहे, लॅब आहे, लायब्ररी आहे. उदगीर-देगलूरच्या पोरी राहतात.

बी.ए. दोघींनी सोबत केलं. इंग्रजीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क. सगळ्या गावाला सांगून झालं होतं.

मग माझी पोरं सांभाळली त्यांनी, म्हणून माझं एम.ए. झालं, तिथंच शिकवायची नोकरी लागली.

अन् यंदा पोरं मोठी झाल्यावर म्हणाल्या, "आता माझा नंबर." एम.ए.ला आल्या. माझ्याच वर्गात!
हजेरीला "येस मॅडम" म्हणायच्या अन् वर डोळा मारायच्या.

पहिल्या परीक्षेआधीच हार्टनं दगा दिला.

आज सकाळी चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा मजकूर ठरत होता. मामा कोपऱ्यात बसलेले. एकदम म्हणाले, "नावापुढं बी.ए. लिव्हा. अन् खाली, एम.ए. पहिलं वर्ष, चालू."

फ्लेक्सवाला घुटमळला. "काका, आता चालू कसं लिहू?"

मामा म्हणाले, "वर्गातून नाव कमी केलंय का कुणी?"
माझ्याकडं बघितलं. "मॅडम, केलंय का?"

मला मॅडम म्हणाले ते. पहिल्यांदा.

"न्हाई मामा," म्हटलं.

"मग लिव्हा. चालू हाय."

आत्याबाई, तुमच्या सुनेचा, क्लासमेटचा अन् मॅडमचा, तिघींचा मिळून शेवटचा नमस्कार.