पाहुण्यांचं पाणी

धावजी तांड्याची सोनीबाई आली म्हटलं की राळेगावच्या कचेरीतला एक बाबू चष्मा शोधायला लागे, दुसरा चहाला उठे आणि तिसरा सरळ मागच्या दारानं पसार होई. सोनीबाई राठोड शाळेत गेली ती शिकायला नाही, पोरांची खिचडी शिजवायला. पण कोणता कागद कोणत्या टेबलावर दाबून ठेवतात आणि कोणत्या साहेबाला कोणासमोर झापलं की तो कागद हलतो, हे तिला पाठ होतं. गुडघे वाकलेले, पाठ ताठत चाललेली. जीभ मात्र वंगण घातल्यासारखी चाले.

तिची सगळी लढाई पाण्याची. तांड्याच्या मधोमध हातपंप. पाणी दिसायला काचेसारखं, चवीला जरा मचूळ. त्याच पाण्यावर तांडा वाढला, आणि त्याच पाण्यानं पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटले. खिचडी वाढताना पोरं हसली की सोनीबाईला ते पट्टे दिसत. म्हाताऱ्यांचे गुडघे तर असे आखडले की उकिडवं बसायचं म्हणजे कुणीतरी धरून बसवावं लागे. पाण्यात फ्लोराइड आहे, असं एकदा आरोग्याच्या लोकांनी सांगितलं आणि पंपाला लाल रंग मारून गेले. रंग उन्हानं उडाला. पंप चालूच राहिला, कारण दुसरं पाणी होतंच कुठं?

तिच्या मुलीला, अंजूला पाहायला एक पाहुणे आले होते. पोरगी उजळ, चुणचुणीत. मुलाच्या आईनं काहीतरी गमतीचं विचारलं, अंजू हसली. बाईनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "काहून वो, पोरगी तंबाखूचा खर्रा खाते काय तुमची?"

अंजू त्या दिवसापासून तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. आणि सोनीबाईनं दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, ह्या पाण्याचा निकाल लावल्याशिवाय कचेरीची पायरी सोडायची नाही. दुसरी, घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात पंपाचं पाणी पुन्हा म्हणून द्यायचं नाही. ह्या दुसऱ्या गोष्टीत तांड्यातल्या सगळ्या बायका तिच्या मागं होत्या. पाहुणा यायचा असला की राळेगावहून धरणाच्या पाण्याचा कॅन येई. घासलेल्या तांब्यात ते पाणी भरून पुढच्या खोलीत ठेवत. घरच्यांनी पंपाचं प्यायचं, पाहुण्यानं कॅनचं. घराची अब्रू त्या तांब्यात.

कचेरीच्या इतक्या पायऱ्या झिजवल्यावर शेवटी तांड्यावर जीप आली. तिच्यातून तीन माणसं उतरली. डॉक्टर धम्मरत्न हाडांचे आणि दातांचे, मूळचे बाभुळगावकडचे. रुपाली मॅडम भौतिकशास्त्राच्या, आणि राजदीप इंजिनिअर. तांड्याचे नायक उत्तमसिंग खाटेवरून ओरडले, "सोनीबाई, एका पान्यासाठी तीन शहानी मानसं? आमची म्हैस एकटीच सांगते न, पिवाचं का नाई ते!"

"तुमच्या म्हशीले मशीन बनवता येते काय, नायक?" सोनीबाई म्हणाली. "मंग गप बसा."

पण तिलाही प्रश्न पडलाच होता. तिनं तो डॉक्टरांना विचारला. डॉक्टर गोड माणूस. म्हणाले, "मावशी, पाणी एक असलं तरी आमचे प्रश्न तीन आहेत. मी पाहतो, हे पाणी माणसाच्या हाडात जाऊन काय करते. मॅडम पाहतात, हे पाणी आलं कुठून. आणि हा राजदीप पाहतो, त्याच्यातलं फ्लोराइड काढायचं कसं. एकट्याच्यानं होत नाई. मी रोग सांगीन, पण फिल्टर थोडीच बनवीन?"

रुपाली मॅडमचं काम सगळ्यात अजब. पाण्यात साध्या पाण्याबरोबर थोडंसं जड पाणीही मिसळलेलं असतं, असं त्यांनी सांगितलं. धरणात उघड्यावर ऊन खात पडलेल्या पाण्यातलं हलकं पाणी आधी उडून जातं, जड मागं उरतं. जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्या दडलेल्या पाण्याला ऊन लागत नाही. त्यामुळं बाटलीभर पाणी यंत्रात घातलं की ते कुठून आलं, हे कळतं. आणि फ्लोराइड नेमकं खडकात दडून बसलेल्या पाण्यात उतरतं. सोनीबाई आ वासून ऐकत होती. आपल्या तांड्याच्या पाण्यासाठी कुणी इतका विचार करतं, ह्यानंच तिला भरून आलं होतं.

राजदीप म्हणाला, "सध्या फिल्टर मोजकेच आहेत. ज्या वस्त्यांमध्ये लोक खरंच हे पाणी पितात, त्यांना आधी. आठ वर्षांखालची लेकरं जिथं आहेत तिथं तर सगळ्यात आधी, कारण त्यांचे पक्के दात अजून जबड्यात बनून राह्यले असतात."

सोनीबाईची नात, मुलाची पोर काजल, चार वर्षांची. दुधाचे दात पांढरेशुभ्र. हिच्या जबड्यात आत्ता नवे दात बनतायत, ह्या विचारानं सोनीबाईनं पोरीला कमरेवर घट्ट धरलं.

मग बाटल्या निघाल्या. आधी पंपावरची बाटली भरली. मग घरोघर. पहिलं घर लालीबाईचं. रुपाली मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रोज पिता तेच पाणी द्या हं, मावशी."

लालीबाईच्या घरात दोन तऱ्हेचं पाणी होतं. मागं चुलीपाशी पंपाचा हंडा, धुरानं काळा. पुढं चकचकीत तांब्या, साहेब येणार म्हणून सोनीबाईनंच आदल्या दिवशी सगळ्या तांड्याला सांगून भरून घेतलेला. लालीबाईनं सोनीबाईकडं पाहिलं. कोणतं देऊ, असा सरळ सवाल डोळ्यांत. आणि सोनीबाईनं तांब्याकडं मान हलवली.

का हलवली? ती काही येडी नव्हती. बाटली तपासायला चाललीय, हे तिला समजत होतं. पण तिचा हिशोब असा: विष पंपात आहे, पंपाची बाटली तर भरून झाली, विष तिथं सापडेलच. मग घरातला काळा हंडा परक्या माणसांना कशाला दाखवायचा? उद्या हेच लोक तालुक्यात सांगतील, तांड्यातल्या बायकांना हंडा घासता येत नाही. खर्रा खाते काय म्हणणारी ती बाई तिच्या डोक्यात अजून बसलेली होती.

दुसऱ्या घरी तांब्या, तिसऱ्या घरीही. तिसऱ्या घरातून निघताना रुपाली मॅडम राजदीपला म्हणाल्या, "घरातलं आणि पंपाचं ताडून पाहिलं की कळेल, लोक नक्की काय पितात." हे सोनीबाईच्या कानावर पडलं. आता सांगावंच म्हणून ती पुढं झाली. तेवढ्यात राजदीप वळून म्हणाला, "मावशी, तुमच्या तांड्यात बाकी स्वच्छता आहे हं. एकही भांडं मळकं नाही दिसलं."

कचेरीत कधी कुणी तिच्याशी असं बोललं नव्हतं. तेवढ्या एका वाक्यासाठी ती गप्प राहिली. उरलेल्या घरांतून तशीच बाटल्या भरून देत गेली.

पावसाळा सरल्यावर राळेगावच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. अभ्यासात काय सापडलं ते सांगायचा. सोनीबाईला बोलावणं आलं, तेही पहिल्या रांगेत. नायक आले, अंजू आली, लालीबाई आणि चारदोन बायका एकाच ऑटोत कोंबून आल्या. सोनीबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आज फिल्टर जाहीर होणार, एवढंच तिच्या मनात.

रुपाली मॅडमनी पडद्यावर ठिपके दाखवले. बाकीच्या वस्त्यांचे आणि ह्या तांड्याच्या पंपाचे ठिपके खाली एका जागी, धावजी तांड्याच्या घरांचे वेगळे, वर. "हे पाणी पंपाचं नाही. ह्यानं ऊन पाहिलंय, हे धरणाचं आहे. म्हणजे ह्या तांड्यानं स्वतःच पाणी बदललं." डॉक्टर म्हणाले, गुडघे आणि दात जुन्या पाण्याचे आहेत, पण इथून पुढची लेकरं वाचली. मग राजदीप उठला. फिल्टर पहिल्यांदा डोंगराकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर आणि आणखी काही वस्त्यांवर जाणार होते. धावजी तांड्याला आता त्यांची गरज नव्हती.

आणि मग व्यासपीठावरून नाव पुकारलं. "आपल्या वस्तीचं पाणी बदलून दाखवणाऱ्या सोनीबाई राठोड यांचा सत्कार..."

अंजूनं आईकडं पाहिलं. "याडी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "हे काय बोलून राह्यले?"

सोनीबाई उठली. चालत गेली. तिला वाटलं, माईक हाती आला की सांगून टाकू. तहसीलदाराला भर बाजारात खडसावणारी बाई ती. माईक आलाही. समोर सगळा तालुका, टाळ्या, खांद्यावर शाल. तिनं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते एवढंच: "लय उपकार झाले जी तुमचे."

खाली उतरताना नायक हसत होते. "वा सोनीबाई! बिना फिल्टरचाच सत्कार!" लालीबाई मात्र हसली नाही. तिच्या घरी दोन लहान पोरं, रोज पंपाचं पिणारी.  सोनीबाईनं शाल काढून बगलेत दाबली. तिला त्या क्षणी कुणी चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सभागृहामागं जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. तिघं एका कोपऱ्यात वरणभात खात होते. सोनीबाई जाऊन उभी राहिली. गुडघे आखडलेले म्हणून खाली बसताही येईना.

"साहेब, ते पानी आमचं नवतं."

"म्हणजे?" डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

"पाहुन्याचं होतं. कॅनचं. तुमी येनार म्हनून मीच भराले लावलं. आमी पंपाचंच पितो. लेकरं बी."

राजदीप ताट ठेवून उठला. "मावशी, वर्षाचं काम आहे हे! तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, रोजचं द्या म्हणून. मॅडमनी ठिपके मांडले, डॉक्टरांनी निष्कर्ष काढला, मी त्यावरून फिल्टरची यादी केली. तिघांचंही खोटं झालं ना! का केलं असं?"

"लाज वाटली," सोनीबाई म्हणाली.

"कशाची?"



रुपाली मॅडम म्हणाल्या, "माझंही चुकलं. इतक्या घरांचं पाणी हुबेहूब सारखं, ह्यावर मी तेव्हाच थांबायला पाहिजे होतं."

बाहेर टेम्पोत फिल्टर चढवलेले होते. राजदीपनं तिकडं पाहिलं, मग सोनीबाईकडं. ती घाईनं म्हणाली, "नोका उतरवू जी. पोडावर बी लेकरंच हायेत." तेवढं म्हणायलाही तिला काळीज दगडाचं करावं लागलं, कारण डोळ्यांपुढं काजल होती.

डॉक्टर म्हणाले, "मला पुन्हा तपासावं लागेल. पाण्यावर आता विसंबणार नाही. लघवी तपासू. माणूस जे पितो ते तिथं उतरतंच, तिथं पाहुणचार चालत नाही. निकाल आला की पुढच्या खेपेच्या फिल्टरसाठी तुमचं नाव घालता येईल. तोवर लहानांना तरी पंपाचं देऊ नका."

तांड्यात परतल्यावर सोनीबाई दारोदार फिरली. माझ्यामुळं झालं, असं प्रत्येक उंबऱ्याशी म्हणाली. एकीनं शिव्या दिल्या. एकीनं दार लोटून घेतलं. लालीबाई म्हणाली, "तू मान हालवली, अन् मी दिलं. माह्या लेकराईचे दात आता तू भरून देशीन काय?" सोनीबाई पुढच्या दाराकडं वळली.

ठरल्या दिवशी सकाळी बाटल्या भरायच्या होत्या. त्यातही अडलंच. पोरीबाळींची लघवी बाटलीत घालून गावच्या डोळ्यांदेखत सडकेपर्यंत नेणार कोण? बायका पदराखाली बाटल्या लपवून दारातच अडून राहिल्या. सासरे बसलेले, जेठ बसलेले.

"द्या इकडं," सोनीबाई म्हणाली. "मी नेतो."

तिनं टोपलं काढलं. सगळ्यांच्या बाटल्या त्यात घातल्या, काजलची, अंजूची, स्वतःचीही, आणि टोपलं डोक्यावर घेऊन भर तांड्यातून निघाली. वर कापड झाकायचं तिनं मुद्दामच टाळलं. नायक खाटेवर बसलेलेच. "काय सोनीबाई! आता तांड्याचं मूत बी सरकारजमा काय?" पोरं खिदळली. दोन म्हातारे थुंकले. एरवी नायकाला सात पिढ्या आठवाव्या असं उत्तर तिच्या जिभेवर असे. आज ती वाकल्या गुडघ्यांनी चालत राहिली.

सडकेवर जीप होती. राजदीपनं टोपलं उतरवून घेतलं. एकेक बाटली हातात घेऊन पाहिली आणि थांबला. "मावशी, राग मानू नका. ह्या बाटल्या ज्यांच्या त्यांच्याच आहेत ना?"

सोनीबाईनं मान खाली घातली. "हो जी."

राजदीपनं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर जरा घुटमळले, मग नरमाईनं म्हणाले, "मावशी, तसं नाही, पण आम्ही एकेका बाईला इथं बोलावून विचारतो. काय पितात, कुठून पितात. तुम्ही... तुम्ही थोडं लांब बसाल काय? म्हणजे त्यांना मोकळं बोलता येईल."

ह्या लोकांना तांड्यावर आणणारी तीच होती. ती सडकेच्या पलीकडं गेली, कपाशीच्या धुऱ्यावर, बांधावर कशीबशी टेकली, आणि कुणालाही आपलं तोंड दिसू नये म्हणून शेताकडं वळून बसली. मागं लालीबाईचा आवाज येत होता, मोठ्यानं, न अडखळता.