विहिरीच्या पाण्यातला लाल

नातवंडांनो, तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, म्हणून सोपं लिहिते आहे. बरकतपुऱ्यातल्या आपल्या अंगणातली विहीर पुढच्या आठवड्यात बुजवणार आहेत. तिच्याबद्दल सांगायला आता मीच उरले आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई या विहिरीच्या पाण्यात सुती कापड रंगवत. त्यांना नवरा राहिला नव्हता, मूल नव्हतं. या घरात त्यांचं म्हणावं असं हे एकच काम होतं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, वाळवून तुरटीत बुडवायचं, मग मंजिष्ठेच्या मुळांबरोबर मंद आचेवर शिजवायचं. ते लाल कापड नामपल्लीला दरवर्षी भरणाऱ्या प्रदर्शनातल्या एका दुकानात जाई. काळ्यासाठी गुळाच्या पाण्यात गंजके खिळे कुजवत. ते मडकं मात्र अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असे, कारण लोखंडाचा थेंब जरी लागला तरी हिरड्याचं कापड काळवंडतं.

बाजार मोकळा झाला, शहरात पैसा आला, तशी शेजारची बैठी घरं पाडून फ्लॅट उठले. त्यांच्या बोअरने आमची विहीर आटली, म्हणून आम्हीही बोअर घेतला. पाणी दिसायला नितळ होतं. जाऊबाईंनी हिरड्याचे तागे त्यात खळबळले आणि बघता बघता सगळे राखेसारखे झाले.

त्यांनी पाणी जिभेवर घेतलं. "खिळ्यांचं मडकं मी जन्मभर लांब ठेवलं गं," त्या म्हणाल्या, "आणि हे लोखंड तर जमिनीतूनच वर आलं."

"पाणी निवळून बघू," मी म्हटलं. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत असे.

"बघ, मास्तरीणबाई. तुझ्या इंग्रजीत काही उपाय असला तर."

निवळलेल्या पाण्यातही लाल मळकाच येई. प्रदर्शनातला दुकानदार माल न्यायला घरी आला, त्याने तागे उलगडून पाहिले.

"अम्मा, पुडी का लाल लगा देव ना. किसको मालूम पडता?"

"मला कळेल ना," जाऊबाई मराठीतच म्हणाल्या. तो पुन्हा आला नाही. बाजारातल्या रासायनिक पुडीचा लाल त्याला कुठेही मिळत होता.

अंगणातली चूल त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली. त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या, पण दुपारी हातांचं काय करायचं ते त्यांना कधी उमगलं नाही. मी पेपर वाचून दाखवी. त्या ऐकत नसत. तळहातांवरचा रंग फिकटत गेला आणि शेवटी नुसते म्हातारीचे हात राहिले. मला काही करता आलं नाही. कुणाला आलं असतं असंही वाटत नाही.

त्या दिवशीच्या ताग्यातला एक राखाडी तुकडा माझ्या कपाटात आहे. तो अजून विटलेला नाही.