धनीराम पाणकर आणि घर क्रमांक तीन

नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं वस्तुसंग्रहालय, आमच्याकडच्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. काचेला नाक लावायचं, आतला पेंढा भरलेला वाघ पाहायचा आणि पहारेकरी ओरडला की पुढे सरकायचं. त्यामुळे आमच्या उद्यानाच्या फाटकावरची पाटी वाचून लोक जरा थबकायचे. 'येथील वस्तूंना हात लावा, वापरून पाहा' असं तिच्यावर लिहिलेलं होतं.

मी तिथे सहा वर्षं होतो. मॅट्रिक होऊन मोहाडीला घरी बसलो होतो, १९८१ मध्ये ही नोकरी लागली. आलेल्या मंडळींना फिरवायचं आणि माहिती सांगायची, एवढंच काम. नाकाडोंगरीच्या पुढे जंगलाच्या कडेला एक धरण झालं होतं. त्यात तीन गावं गेली होती. धरणावरच्या एका इंजिनीअर साहेबांच्या मनाला ते लागलं असावं. बुडालेल्या गावांतल्या घरांचे खांब, दरवाजे, जाती, उखळं, गाड्या असं बरंच काही सरकारी गुदामात पडून होतं. साहेबांनी खटपट करून त्यातून पाच घरं परत उभी केली, मोटेची विहीर बांधली, आणि पोरांना पाणी सोडून पाहता यावं म्हणून एक लहानसा तलावही केला. रविवारी भंडाऱ्याहून खास एसटी यायची. शहरातल्या बाया जात्यावर बसून हसायच्या, त्यांची मुलं मोटेचा दोर ओढायची, आणि साहेब लांबून पाहत उभे राहायचे.

त्र्याऐंशीच्या जानेवारीतल्या अशाच एका रविवारी पाच माणसांचं एक कुटुंब आलं. पन्नाशी ओलांडलेला एक उंच, वाळका माणूस, त्याची बायको, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. बायकोच्या हातात लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा डबा होता. मुलगा मँगनीजच्या खाणीवर कामाला होता. तिथे कोणीतरी त्याला सांगितलं होतं की धरणावर चांगला बगीचा झाला आहे, पोट्ट्यांना खेळायला पुष्कळ आहे. त्याहून जास्त त्याला काही ठाऊक नव्हतं.

मी त्यांना पहिली दोन घरं दाखवली. तिसऱ्या घरापाशी उभा राहून पाठ केलेलं बोलू लागलो, "हे मध्यम शेतकऱ्याचं घर. समोर सपरी, म्हणजे ओसरी. डाव्या हाताच्या खोलीत धान साठवायची ढोली ठेवत असत."

"नाही जी," तो माणूस म्हणाला. "त्या खोलीत बाया बाळंत होत. ढोली तिकडं, मागं."

मी हसलो. असे माहीतगार रोज भेटायचे. म्हटलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

तो सपरीच्या कोपऱ्यातल्या खांबावरून तळहात फिरवत राहिला. कमरेएवढ्या उंचीवर तो खांब एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाला होता. मी इतके दिवस लोकांना सांगत होतो की सुतारानं तो मुद्दाम तसा तासला आहे.

"इथं बैल अंग घासे," तो बायकोला म्हणाला. "पाह्य ना, कुंता."

कुंताबाईनं डबा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मग मला म्हणाली, "बाबू, हे आमचंच घर हाय. कारूटोल्याचं." कारूटोला म्हणजे धरणात गेलेल्या तीन गावांतलं एक.

मुलाचा, इश्वरचा, चेहरा उतरला. "मले मालूम नव्हतं, बाबा," तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. "मले खरंच मालूम नव्हतं."

नातीला यातलं काही कळत नव्हतं. ती आतबाहेर पळत होती, कडी वाजवत होती. तिचा जन्म गाव उठल्यानंतरचा. म्हातारा सपरीत बसला तो उठेचना. कुंताबाईनं तिथेच सगळ्यांना वडे दिले. दुसरी कुटुंबं येत होती, यांना ओलांडून आत जात होती, चूल पाहून बाहेर पडत होती. पाच वाजता घंटा झाली. पहारेकरी येऊन म्हणाला, "चला काका, बंद करायचं आहे." त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवटी इश्वरनं त्याला दंडाला धरून उठवलं. जाताना म्हाताऱ्यानं दार ओढून घेतलं. आमच्याकडे दारं उघडीच ठेवायची पद्धत होती, पण मी ते तसंच राहू दिलं.

त्याचं नाव धनीराम. कारूटोल्याच्या तलावाचा तो पाणकर होता, म्हणजे तलावाचं पाणी ज्याच्या त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाळीपाळीनं सोडणारा माणूस. त्याच्या आधी त्याचा बाप पाणकर होता. हे मला पुढे त्याच्याकडूनच कळलं, पण थोडं थोडं, कधी चार महिन्यांत एखादं वाक्य असं. कारूटोल्यात धानाचं पीक तलावावर होतं. कोणाच्या बांधीला किती वेळ पाणी द्यायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, ते धनीरामच्या डोक्यात होतं. भाऊ-भाऊ कोर्टात भांडत, पण पाण्याच्या पाळीवरून धनीरामशी कोणी भांडलं नाही, असं कुंताबाई सांगायची. शहात्तर साली गाव उठलं. लाकूडफाटा न्यायला दर घराला ट्रकची एकच खेप मिळाली. धनीरामच्या खेपेत धान, भांडी आणि आजारी आई गेली. खांब राहिले.

नवीन वस्तीला सगळे 'प्लाट' म्हणत. सरळ आखलेल्या रांगा, खाली मुरूम. कालवा निघाला तो दुसऱ्या अंगानं, खालच्या गावांकडे. पाणीच नव्हतं, तर पाणकर काय करणार? धनीराम सात वर्षं मिळेल त्याची मजुरी करत होता.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. साहेब खूश झाले. दुसऱ्याच आठवड्यात जीप घेऊन प्लाटावर गेले आणि म्हणाले, "धनीराम, तुम्ही आमच्या उद्यानात या. लोकांना तलाव कसा चालतो ते दाखवा."

"खोटा तलाव हाय थो," धनीराम म्हणाला.

"मग खरा करा."

तो आला. त्या वर्षी मी त्याला जितकं मनापासून काम करताना पाहिलं तितकं कोणालाच पाहिलं नाही. आमच्या तलावाला खाली एकच भोक होतं. बूच काढलं की सगळं पाणी एका दमात निघून जायचं आणि पोरं टाळ्या वाजवायची. धनीरामनं ते बुजवलं. त्यानं दगडाचं तुडूम बांधलं. तुडूम म्हणजे तलावातलं पाणी सोडायची जागा, पायऱ्यांसारखी एकावर एक चार भोकं आणि प्रत्येकात लाकडी बूच. खाली टॉवेलाएवढ्या आठ बांध्या आखल्या, रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकले, रोवणी केली. पोरं आली की तो उकिडवा बसून सांगायचा, "पयले वरचं बूच काढाचं. वरचं पाणी सरलं का मग दुसरं. खालच्याले हात नाही लावाचा. थे उन्हाळ्यासाठी. गुरं पेतील, मासोळी जगंल."

पोरं ऐकायची. थोडा वेळ. मग त्यांना चारही बुचं एकदम काढायची असायची. आमची पाटीच तसं सांगत होती. रविवारी संध्याकाळपर्यंत तळ दिसायचा, आणि सोमवारी धनीराम कावडीनं पाणी आणून तलाव भरायचा. मी एकदा म्हटलं, "खेळच आहे तो, काका. कायले एवढं जिवाला लावून घेता?" तो म्हणाला, "धान पोटरीवर आलं हाय, बाबू. यंदा पाण्यावाचून जाईन." टॉवेलाएवढ्या बांधीतलं धान. 

चौऱ्याऐंशीत साहेबांची बदली झाली. नवे साहेब वाईट नव्हते, पण त्यांना त्या उद्यानाचं काही नव्हतं. त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब नागपूरहून आलं होतं. त्यांची दहा वर्षांची मुलगी तलावाशी खेळत होती. ती सर्वांत खालच्या बुचाला हात घालू लागली तेव्हा धनीरामनं तिचं मनगट धरलं. जोरात धरलं असेल. मुलगी रडायला लागली. तिची आई धावत आली.

"हात लावा म्हणून बाहेर लिहिलंय ना? मग हा माणूस कोण अडवणारा?"

धनीराम उभा राहिला आणि म्हणाला, "पाणकर."

बाईंना तो शब्दच कळला नाही. त्यांना वाटलं तो आपलं आडनाव सांगतो आहे. तक्रार साहेबांकडे गेली. साहेबांनी त्याला कामावरून काढलं नाही, तलावावरून काढलं. म्हणाले, "याला त्या घरात बसवा. धोतर, मुंडासं. लोकांना फोटो काढायला बरं."

तेव्हापासून धनीराम घर क्रमांक तीनच्या सपरीत बसू लागला. सकाळी नऊला प्लाटावरून चालत येऊन आपल्या घरात बसायचा आणि पाचला घंटा झाली की उठून प्लाटावर जायचा. बाया त्याच्या शेजारी मुलांना उभं करत, नवरे कॅमेरा धरत. कोणी म्हणे, "काका, जरा हसा." तो हसत नसे आणि नाहीही म्हणत नसे. बरेच जण त्याला पुतळा समजून आधी हात लावून पाहत. पहिल्यांदा एका पोरीनं त्याच्या गालाला बोट लावलं तेव्हा मी धावलो. तो म्हणाला, "राहू दे, बाबू. तसंच लिवलं हाय ना पाटीवर."

कुंताबाई एकदाच त्याचा डबा घेऊन तिथे आली. त्याला तसा बसलेला पाहून दारातूनच परत फिरली. मला रस्त्यात म्हणाली, "तुम्हीच आणलं ना त्याले इथं? साहेबाले तुम्हीच सांगतलं ना?" मी हो म्हटलं. ती चालू लागली. तिनं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पंचाऐंशीत रविवारची एसटी बंद झाली. लोक येईनासे झाले. कौलं फुटली ती कोणी बदलली नाहीत. खांबांना वाळवी लागली. एके दिवशी दुपारी धनीराम माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "एक अर्जी लिवून द्या, बाबू. खांब पडून खराब होऊन राहिले. चार खांब आन् दरवाजा मले वापस पाहिजे. प्लाटावर उभा करतो मी."

मी चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला. त्यानं अंगठा दिला. तो अर्ज भंडाऱ्याला गेला, तिथून नागपूरला, नागपूरहून परत आमच्याकडे अभिप्रायासाठी आला. अकरा महिने लागले. उत्तर आलं की सदर वस्तू संग्रहालयाच्या साठा नोंदवहीत असून त्या खाजगी व्यक्तीस देता येत नाहीत. मी त्याला वाचून दाखवलं. 'खाजगी व्यक्ती' म्हणजे काय, हे त्यानं दोनदा विचारलं. मी सांगितलं, "म्हणजे तुम्ही."

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी घर क्रमांक तीन बसलं होतं. धनीराम नेहमीच्या वेळेला आला, ढिगाऱ्यासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि छत्री उघडून परत निघाला. मी मागून हाका मारल्या. पावसाच्या आवाजात त्याला ऐकू गेल्या की नाही, माहीत नाही. वस्तू निर्लेखित झाल्याचा, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकल्याचा, कागद दिवाळीपर्यंत निघाला. तोवर पहारेकऱ्यांनी खांबांच्या ढलप्या करून चुलीत घातल्या होत्या. तो कागद घेऊन मी प्लाटावर गेलोच नाही. काय तोंडानं जाणार होतो?

उद्यान त्याच हिवाळ्यात बंद झालं आणि मला भंडाऱ्याला एका कचेरीत आवक-जावकला टाकलं.

धनीराम गेल्याचं मला एकोणनव्वदमध्ये कळलं, तेही दोन महिन्यांनी. तुमसरच्या बाजारात प्लाटावरचा तुलाराम भेटला, त्यानं सांगितलं. आजार असा काही नव्हता. जेवण कमी होत गेलं, एवढंच. मी पुढच्या रविवारी भेटायला गेलो. प्लाटावरची निम्मी घरं कुलपात होती. इश्वरला खाणीवर खोली मिळाली होती आणि कुंताबाईचं सामान बांधणं चाललं होतं. तिनं मला पाणी दिलं. जुना राग आता तिच्या तोंडावर दिसत नव्हता, ओळखही फारशी दिसत नव्हती.

नात आता बारा वर्षांची झाली होती. ती भांडी गोणपाटात भरत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुला कारूटोला आठवते का?"

"आठवते ना," ती म्हणाली. "एसटीनं गेलो होतो. आपल्याच घरात वडे खाल्ले. मग घंटा झाली."

मी कुंताबाईकडे पाहिलं. पोरीची चूक ती दुरुस्त करेल असं मला वाटलं. ती दोरी ओढून गाठ मारत होती.

"असंच समजते थे," ती म्हणाली. "म्या लय सांगतलं का गाव वेगळं होतं, पाण्यात गेलं. तिले वाटते तिकीट काढून पाहाचंच गाव होतं. आता नाही सांगत मी."

मग तिनं मला गोणीचं दुसरं टोक धरायला सांगितलं. मी धरलं. आम्ही दोघांनी मिळून ती गोणी बाहेर बैलगाडीवर चढवली, आणि ती पुढची आणायला आत गेली.