तेरावी ओ

हां, तर शिंप्याच्या तोंडून ‘संपली’ हा एवढासा शब्द काही निघेना, आणि जळक्या उतारावर अकरा माणसं हातात कुदळी घेऊन खोळंबली होती, तिथवर काल आलो होतो. काल जे जांभया देत होते, त्यांच्यासाठी जरा मागून सांगतो.

वणव्यानं अख्खं रान खाल्लं. उरली ती काळी खोडं आणि घोट्याएवढी राख. त्या राखेत पाऊल वाजत नसे. शेजारचा माणूस निघून गेला तरी पत्ता लागू नये. पाखरू नाही, किडा नाही. मध्येच एखादं खोड आतल्या आत कडकन मोडायचं आणि सगळे एकमेकांची तोंडं बघायचे. तिथं पुन्हा झाडं लावायला गावातली बारा माणसं रोज सकाळी आपणहून जायची. म्होरकी एक निवृत्त नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. रीत तिनंच घातली. एका रांगेत उभं राहायचं, पहिल्यानं ओ द्यायची, मग दुसऱ्यानं, अशी ओ टोकापर्यंत जायची. शेवटच्यानं आपली ओ देऊन ‘संपली’ म्हणायचं, मगच ओळीनं दोन पावलं पुढं सरकायचं. जळलेल्या मुळांच्या पोकळीत कोणाचा पाय गेला, तर लगेच कळावं म्हणून ही युक्ती.

शेवटचा नंबर शिंप्याचा. गळ्यात टेप कायम, अगदी जेवतानासुद्धा, म्हणून नाव पडलं इंचीकाका. दोन रोपांतलं अंतरही तो टेपनंच मोजायचा. शेजारचा बेकरीवाला म्हणायचा, “काका, झाड आहे, पाटलोण नाही. अर्धा इंच इकडंतिकडं झालं तर उसवणार नाही!”

मंगळवारी ओळ टेहळणीच्या मनोऱ्याखाली पोचली आणि चेष्टा आटली. त्या मनोऱ्यावर इंचीकाकाचा धाकटा भाऊ पहाऱ्याला असे. आग पहिल्यांदा त्यानं पाहिली, फोन करकरून गावाला सावध केलं, आणि स्वतः खाली उतरलाच नाही. शोधणाऱ्यांना ना हाड मिळालं ना बूट. त्याचा कोट दुकानात अजून हँगरला होता. कच्चे टाके घातलेला, खडूच्या खुणा तशाच, एक बाही लावायची राहिलेली. गिऱ्हाईक आत आलं की इंचीकाका आधी कोटाकडं बघायचा, मग गिऱ्हाइकाकडं.

तर मंगळवारी बेकरीवाल्याची ओ झाली, इंचीकाकाची झाली, आणि तो ‘संपली’ म्हणणार इतक्यात उजवीकडून, जिथं राखेशिवाय काही नव्हतं, आणखी एक ओ आली. घसा बसलेली, पण अगदी जवळून.

बेकरीवाला पुटपुटला, “मी ऐकली. पण मी ऐकली नाही असं समजा.”

“प्रतिध्वनी असेल!” सिस्टर पलीकडच्या टोकावरून ओरडली. असेलही. पण प्रतिध्वनी आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही.

इंचीकाकाला तो शब्द म्हणवेना. ‘संपली’ म्हणायचं म्हणजे आपल्या पलीकडं कोणी नाही, हे आपल्याच तोंडानं सांगायचं. मंगळवार गेला, बुधवार गेला. ओळ हलेना. पिशव्यांतली रोपं माना टाकायला लागली.

घरी बायको म्हणाली, “अहो, गावभर लोकांची मापं काढता, आणि एक शब्द तोंडातून काढवत नाही?”

“तू काढशील?”

ती भांडी घासत होती. “भावजी त्या दिवशी माझ्या हातचं जेवून मनोऱ्यावर गेले होते,” ती म्हणाली. “मला नका सांगू.”

गुरुवारीही तेच झालं, तेव्हा सिस्टरनं निर्वाणीचं सांगितलं, “काका, उद्या म्हणायचं. नाही जमलं तर टोकाला दुसरं माणूस उभं करीन. रोपं मरू देणार नाही मी.” दुसऱ्या कोणी तो शब्द घाईघाईत उरकून टाकावा, हे तर इंचीकाकाला त्याहून झोंबलं.

शुक्रवारी आभाळ भरलेलं, वारा पडलेला. इंचीकाका आपल्या जागेवर उभाच राहिला नाही. बेकरीवाल्यापासून त्यानं टेप लावला, पुन्हा लावला, मध्ये एका माणसाची जागा मोकळी सोडली आणि पलीकडं जाऊन उभा राहिला. मोकळ्या जागेत राख सपाट, पावलाची खूण नाही.

पहिली ओ निघाली. सातवी, आठवी. अकरावी बेकरीवाल्याची. मग त्या मोकळ्या जागेतून घोगरी ओ आली, कामावरच्या माणसाची यावी तशी, बिनघोर. बेकरीवाल्यानं डोळे गच्च मिटले. इंचीकाकानं आपली ओ दिली आणि लगेच खणखणीत आवाजात म्हणाला, “संपली!”

ओळ दोन पावलं पुढं सरकली. मोकळ्या जागेतली राखही दोन ठिकाणी दबली.

सिस्टर टोकापर्यंत चालत आली. त्या जागेकडं तिनं मुद्दाम पाहिलं नाही. हळूच विचारलं, “काका, आज किती माणसं धरू?”

इंचीकाका म्हणाला, “तेरा धरा, सिस्टर. पण त्याच्या हातात कुदळ देऊ नका, त्याचा खड्डा मी खणतो. तो पहाऱ्यावर आहे.”