चालणारं बुजगावणं

परवा शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला निघालो होतो. भाचीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. गाडी मी चालवत होते, हे शेजारी.

हल्ली गाडी मीच चालवते. गणपतीत हे बाजारात गाडी घेऊन गेले आणि रिक्षाने परत आले... गाडी नेल्याचंच विसरले. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची तपासणी करायला सांगितली आहे. तेव्हापासून किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

भातकापणी झालेली, रस्ता मोकळा. मध्येच हे म्हणाले, "अगं, ते बघ, शहामृग!"

"बुजगावणं असेल," मी मान न वळवता म्हटलं.

"बुजगावणं चालतं का?"

आवाज नेहमीसारखा ठेवून विचारलं, "अहो, आज वार कोणता?"

"गुरुवार. आणि माझी परीक्षा घेऊ नकोस."

वार बरोबर होता... मग शहामृग कुठून आला? दोन किलोमीटर पुढे गेल्यावर राहवेना, गाडी वळवली. तिथे काही नाही हे यांना दाखवायचं होतं, की काहीतरी असू दे असं मला वाटत होतं, कोण जाणे.

वालाच्या शेतात खरंच बुजगावणं होतं. फाटका शर्ट, डोक्याच्या जागी मडकं. "बघा!" म्हणून मी बोट दाखवलं... आणि त्याच्यामागून माझ्या उंचीचा एक पक्षी बाहेर आला. लांब मान, अंगावर पेंढा पांघरल्यासारखी पिसं.

पाठोपाठ एक बाई धावत आली. "भिऊ नको बाय, काय नाय करत! इमू हाय तो, शहामृगासारखाच. कुंपणातून निसटतो नि या बुजगावण्याजवळ येऊन उभा रातो. त्याला वाटतं, आपलाच कोनतरी हाय."

बांबूच्या बेटामागे तिने आम्हाला नेलं. बंद पडलेल्या एका फार्मवरून आणलेले आणखी इमू, पिंजऱ्यात निळेपिवळे मोठे पोपट, पेरूच्या फांदीवर हातभर लांबीचा, सरड्यासारखा हिरवा इग्वाना. "लोक हौसेनं आनतात नि मग नको होतात. आमचे मालक ठेवून घेतात," ती म्हणाली. असे प्राणी सांभाळणाऱ्या त्या जागेचा वेलीत झाकलेला बोर्डही तिनेच दाखवला.

वास्तुशांतीची साडी सावरत मी तिथे उभी... आपण मुरबाडच्या वाटेवर आहोत की कुठे, कळेना. क्षणभर स्वतःलाच वार विचारला.

"मी म्हटलं होतं," असं हे एकदाही म्हणाले नाहीत. नुसते त्या इमूकडे बघत राहिले. तेच जास्त लागलं. गाडीत बसताना मी म्हटलं, "चुकलं माझं." यांनी चमकून बघितलं. हे वाक्य माझ्याकडून त्यांनी फारसं ऐकलेलं नाही.

किल्ली मात्र अजून माझ्याकडेच आहे. सोमवारी तपासणी आहे, तिथे जे निघेल ते निघेल. पण आता हे खिडकीबाहेर काही दाखवतात, तेव्हा मी वार विचारत नाही... आधी गाडी थांबवते आणि बघते.